एलईडी हेडलाइट बसवले आणि चांगली बॅटरी गमावली

खंबाटकी घाट चढताना डावा हेडलाइट गेला आणि बॉनेटमधून प्लास्टिक जळल्याचा वास यायला लागला. मागे आई आणि दोन मुलं. त्या रात्री जे घडू शकलं असतं, ते आठवलं की अजूनही काळजात धस्स होतं.

दीड महिन्यापूर्वी पुण्यातल्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात मी हॅलोजन काढून एलईडी बल्ब बसवले. खोक्यावर ‘२०० वॅट’ छापलेलं, जोडीचे ४,८०० रुपये. मी तिथेच हिशेब करायला हवा होता. १४ व्होल्टला २०० वॅट म्हणजे १४ अँपिअरच्या वर. मूळचा एच-४ हॅलोजन डिपरला ५५ वॅटचा असतो, म्हणजे साधारण ४ अँपिअर. नंतर मीटर लावला तेव्हा हे बल्ब १.९ अँपिअरच घेत होते, जेमतेम २६ वॅट.

आठवडाभरात लाइट लावला की एफएमवर खरखर सुरू झाली आणि डावा दिवा लुकलुकायला लागला. परत गेलो. “साहेब, अल्टरनेटर पुरेसं चार्जिंग देत नाही, त्यात बॅटरीही उतरलीय,” असं म्हणून त्यांनी ५,५०० ची नवी बॅटरी आणि १,२०० चा ‘डिकोडर’ (एलईडी लुकलुकू नये म्हणून बल्बच्या वायरीत जोडायचा डबा) गळ्यात मारला. मीटर कुणी हातातही घेतला नाही. जुनी बॅटरी मात्र ठेवून घेतली. त्यानंतर गाडी चार दिवस उभी राहिली, तर नवी बॅटरीही ठप्प. तेव्हा म्हणाले, आता अल्टरनेटरच बदला.

तो खर्च टाळून साताऱ्याला निघालो आणि घाटात हे झालं. कशीबशी गाडी पुढे नेली, सकाळी हायवेलगतच्या एका वायरिंगवाल्या काकांकडे उभी केली.

काकांनी आधी इंजिन चालू ठेवून, लाइट लावून बॅटरीवर मीटर धरला. १४.१ व्होल्ट. “अल्टरनेटर ठणठणीत आहे,” म्हणाले. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी डाव्या बल्बच्या अर्थिंगच्या, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून परत नेणाऱ्या, वायरवर. तिथे ०.१-०.२ च्या आसपास दिसायला हवं, दिसलं १.६ व्होल्ट. अर्थिंगचा स्क्रू रंग न खरवडता पत्र्यावरच आवळला होता, लुकलुकण्याचं कारण तेच. बॅटरी किंवा अल्टरनेटरचा काही संबंध नव्हता.

मग काकांनी टेप सोलून दाखवली. कंपनीचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, कापलेला, तारा नुसत्या पिळून जोडलेल्या आणि डिकोडरला बॅटरीवरून थेट प्लस, मध्ये फ्यूजच नाही. गाडी लॉक केली तरी तो डबा ०.४ अँपिअर ओढत होता. दिवसाला साडेनऊ अँपिअर-तास! आमच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला तो चार दिवसांत संपवणारच. डिकोडरमधला रेझिस्टर तापून शेजारच्या प्लास्टिकला चिकटला होता. वास त्याचाच.

काकांनी नवा कपलर टाकला, अर्थिंगची जागा घासून पक्की केली आणि मूळचे हॅलोजन लावून दिले. सगळे मिळून ९०० रुपये. खरखरही गेली.

तुमच्या गाडीत असं काही होत असेल तर आधी मूळचे बल्ब लावून बघा. बिघाड गेला नाही, तर वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्या. आणि कुणी अल्टरनेटर किंवा बॅटरी गेली म्हटलं, तर मीटरवरचा आकडा तुमच्यासमोर दाखवायला सांगा. बदललेला प्रत्येक भाग घरी घेऊन या. मी दुकानात परत गेलो तर जुनी बॅटरी भंगारात गेल्याचं सांगितलं. जीएसटीचं बिल नव्हतं, साध्या चिठ्ठीवर आकडे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. सोबत यूपीआयच्या नोंदी, मीटरचे फोटो आणि त्या जळक्या वायरचा फोटो दिलाय. भंगारात घातलेल्या त्या बॅटरीची अजून चौदा महिन्यांची वॉरंटी शिल्लक होती, तिचं कार्ड माझ्याकडेच आहे.