बाळाच्या लसी पुण्यात कुठे घ्याव्यात: महापालिकेच्या दवाखान्यात की खासगी बालरोगतज्ज्ञाकडे?

खासगी रुग्णालयात प्रसूती झाली की घरी येताना बहुतेकांच्या हातात दोन वेळापत्रकं असतात. एक सरकारी माता-बाल संरक्षण कार्डावरचं, दुसरं रुग्णालयाच्या फाइलमधलं, भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या शिफारशींवर बेतलेलं. तारखा जवळपास सारख्याच, पण लसींची नावं वेगळी. एकीकडे खर्च शून्य, तर दुसरीकडे सहाव्या आठवड्याच्या एकाच भेटीचं बिल आठ-दहा हजारांपर्यंत जाऊ शकतं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या वर्षाच्या मूळ लसी महापालिकेच्या दवाखान्यात घ्याव्यात आणि वाचलेले पैसे सरकारी यादीत नसलेल्या मोजक्या लसींवर खर्च करावेत. सगळंच खासगीत घेणं चुकीचं नाही, फक्त त्यातल्या बऱ्याच पैशांतून जास्तीचं संरक्षण मिळत नाही, सोय मिळते. सगळंच सरकारी घेतलं तर टायफॉइड आणि गालगुंड या दोन मोठ्या जागा उघड्या राहतात.

| | महापालिका | खासगी |
|---|---|---|
| घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात | पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची; पूर्ण पेशीची, म्हणजे मेलेला अख्खा जंतू असलेली) | बहुधा हेक्साव्हॅलंट (पोलिओसह सहा आजारांवरची; अपेशीय, म्हणजे जंतूचे निवडक अंश असलेली) |
| पोलिओ | थेंब, शिवाय त्वचेत ०.१ मिली: ६ व १४ आठवडे, ९ महिने | स्नायूत ०.५ मिली, हेक्साव्हॅलंटमध्येच |
| न्यूमोकॉकल (न्यूमोनियावरची) | ६ व १४ आठवडे, ९ महिन्यांना बूस्टर | ६, १०, १४ आठवडे, १२–१५ महिन्यांत बूस्टर |
| रोटाव्हायरस (जुलाबावरची) | ६, १०, १४ आठवडे | ब्रँडनुसार २ किंवा ३ डोस |
| गोवर | एमआर (गोवर-रुबेला): ९ महिने, १६–२४ महिने | एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला): ९ व १५ महिने, ४–६ वर्षे |
| जीवनसत्त्व अ | ९ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत ९ डोस | बहुधा विसरलं जातं |
| टायफॉइड, कांजिण्या, हिपॅटायटिस ए, फ्लू | नाही | आहे |

लसीचा दर्जा

'सरकारी लस' म्हणजे कमी प्रतीची, ही समजूत पुण्यात तरी टिकू नये. पेंटाव्हॅलंट, गोवर-रुबेला, बीसीजी (क्षयाची), रोटासिल (रोटाची), न्यूमोसिल (न्यूमोकॉकलची) या सगळ्या लसी हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनतात आणि त्याच देशभरच्या सरकारी पुरवठ्यात जातात. मांजरीतल्या सोसायटीला घराशेजारी बनलेली लस नको असते आणि बेल्जियमहून आलेली हवी असते, हा प्रकार गमतीचा खरा, पण महागडा.

लस खराब होते ती बहुधा साठवणुकीत. तिला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागतं. लोकांना वाटतं, फक्त गरमीनंच लस बिघडते. पण पेंटाव्हॅलंट, हेक्साव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, न्यूमोकॉकल या लसी गोठल्या की कायमच्या निकामी होतात, आणि त्या बाहेरून नेहमीसारख्याच दिसू शकतात. सरकारी केंद्रात लसींसाठी वेगळं आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर असतं, तापमानाची नोंद असते आणि कुपीवर उष्णता दाखवणारं चिन्ह असतं: गोलातला चौकोन बाहेरच्या रंगापेक्षा फिकट असेल तर लस वापरता येते, रंग सारखा झाला की फेकायची. हे चिन्ह गोठलेली लस मात्र ओळखत नाही.

काही छोट्या खासगी दवाखान्यांत घरगुती फ्रिज असतो. त्याच्या मागच्या भिंतीला किंवा फ्रीझरखाली टेकलेला खोका गोठण्याची शक्यता असते. दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाण्याची पुण्याला सवय आहे. तेव्हा फ्रिज कशावर चालतो, तापमानाची वही आहे का, हे विचारायला लाजू नका. चांगले डॉक्टर वही उघडून दाखवतात. आणि मेडिकलमधून लस विकत घेऊन पिशवीतून दवाखान्यात नेण्याच्या फंदात पडू नका.

ताप आणि 'पेनलेस'चा हिशेब

खासगीकडे वळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. पूर्ण पेशीच्या लसीनं पहिल्या एक-दोन दिवसांत ताप, मांडीला सूज आणि रडारड जास्त होते. अपेशीय लसीनं हे कमी होतं. पण 'पेनलेस' म्हणून विकली जाणारी लसही सुईनंच देतात, तिची टोच दुखतेच. दुसरी बाजू अशी की, डांग्या खोकल्यापासून अपेशीय लसीनं मिळणारं संरक्षण लवकर ओसरतं. अमेरिकेनं १९९० च्या दशकात पूर्णपणे अपेशीय लस स्वीकारली आणि २०१० नंतर कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत डांग्या खोकल्याच्या मोठ्या साथी आल्या. बाळाला आधी झटके आले असतील किंवा मेंदूचा आजार असेल तर अपेशीय लसीसाठी डॉक्टरांशी जरूर बोला. धडधाकट बाळासाठी एका रात्रीचा ताप टाळायला तीन डोसांचे मिळून दहा हजारांच्या आसपास मोजावेत असं आम्हाला वाटत नाही.

ताप आलाच तर पॅरासिटामॉलचं प्रमाण वजनावर ठरतं: दर किलोला १५ मिलिग्रॅम. पाच किलोच्या बाळाला ७५ मिलिग्रॅम. इथेच घोळ होतो. १०० मिग्रॅ प्रति मिली असलेल्या ड्रॉप्सचे ते ०.७५ मिली होतात. १२५ मिग्रॅ प्रति ५ मिली सिरपचे ३ मिली. सिरपचं माप ड्रॉप्सच्या बाटलीला लावलं तर चौपट औषध जातं. बाटलीवरचा आकडा वाचा, दोन डोसांत निदान सहा तास जाऊ द्या, डोस किती तो सिस्टरकडून कार्डावर लिहून घ्या. लस टोचण्यापूर्वीच 'ताप येऊ नये म्हणून' औषध देऊ नका. मांडीवर गरम शेक, हळद, चोळणं यातलं काहीही नको. सलग तीन तासांहून जास्त रडणं, झटका किंवा बाळ निपचित पडणं दिसलं तर थेट रुग्णालय गाठा.

बीसीजीचं उलट आहे. तिथे दोन-चार आठवड्यांनी डाव्या दंडावर फोड येतो, फुटतो, आणि बारीक व्रण राहतो. हे अपेक्षितच आहे. त्यावर मलम लावायचं नसतं.

दवाखान्यात प्रत्यक्ष काय घडतं

लस मिळते ती इथे: महापालिकेचे दवाखाने, प्रसूतिगृहं, कमला नेहरू रुग्णालय, येरवड्याचं राजीव गांधी रुग्णालय, भवानी पेठेतलं सोनवणे प्रसूतिगृह, शिवाय राज्य सरकारचं ससून, पिंपरी-चिंचवडमध्ये वायसीएम (यशवंतराव चव्हाण) रुग्णालय. हद्दीचा बाऊ करू नका. सूस, म्हाळुंगे, मांजरी अशा २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या भागांत राहत असाल तरी कोणत्याही सरकारी केंद्रात बाळाला लस मिळते, पत्त्याच्या पुराव्यावाचून परत पाठवायचं नसतं.

अडचण येते ती वाराची. मोठ्या रुग्णालयांत लसीकरण बहुतेक रोज चालतं, छोट्या दवाखान्यांत ठरावीक वारी. कारण कुपीत आहे. पेंटाव्हॅलंट, न्यूमोकॉकल, पोलिओ इंजेक्शन यांची उघडलेली कुपी नीट ठेवली तर २८ दिवस चालते. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची पूड एकदा द्रावणात मिसळली की चार तासांत संपवावी लागते. म्हणून 'गोवरची लस आज नाही, अमुक वारी या' असं ऐकू येतं. एका मुलासाठीही कुपी उघडावी अशी सरकारी लसीकरण कार्यक्रमाची अपेक्षा आहे, पण भांडण्यापेक्षा वार विचारून सकाळी दहाला पोचणं सोपं. याच कारणानं खासगी प्रसूतिगृहंही बीसीजी लांबवतात आणि डिस्चार्जच्या गडबडीत ती राहून जाते. फाइल तपासा: हिपॅटायटिस बीचा जन्मडोस (२४ तासांच्या आत), पोलिओचा शून्य डोस (१५ दिवसांच्या आत), बीसीजी. जे नसेल ते महापालिकेत घ्या. बीसीजी वर्षाच्या आत मिळते.

गर्दी, बाकड्यांची कमतरता, स्तनपानाला आडोसा नसणं या तक्रारी खऱ्या आहेत. सहाव्या आठवड्याच्या भेटीत मांड्यांत दोन सुया, दंडात एक, शिवाय पोलिओ आणि रोटा तोंडावाटे, एवढं एकाच बैठकीत होतं. हे धोक्याचं नाही, पण आईसोबत एक जोडीचं माणूस हवं. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. अॅलर्जीची गंभीर प्रतिक्रिया दुर्मीळ असली तरी ती याच वेळेत उमटते. खासगीत पाच मिनिटांत बाहेर पडण्याची सवय लागलेली असते, तिथेही हा नियम लागू आहे.

खासगीचा खरा फायदा तपासणीत आहे. वजन, डोक्याचा घेर, वाढीची रेषा, दूध कसं पितं, डोळा स्थिरावतो का, हे बालरोगतज्ज्ञ शांतपणे बघतात. लस महापालिकेत घेतली तरी ६ आठवडे, ६ महिने, ९ महिने आणि दीड वर्ष या चार वेळी तपासणीची फी द्यावी. ती फी हेक्साव्हॅलंटपेक्षा कितीतरी सत्कारणी लागते.

सरकारी यादीत काही लसी का नाहीत

यादी ठरवताना राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गट आजाराचा भार, खर्च आणि देशभर किती मुलांपर्यंत लस पोचेल हे बघतो. कांजिण्यांचं उदाहरण घ्या. अर्ध्यामुर्ध्या मुलांनाच लस मिळाली तर विषाणूचा फैलाव मंदावतो आणि उरलेल्यांना तो आजार मोठ्या वयात गाठतो, जेव्हा तो जास्त त्रासदायक असतो. म्हणजे यादीत नसलेली लस निरुपयोगी असते असं नाही. यादीही बदलत राहते: महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली, पोलिओ इंजेक्शनचा तिसरा डोस जानेवारी २०२३ पासून आला.

महापालिकेनं मनावर घेतलं तर दिल्लीची वाट बघावी लागत नाही, हेही दिसलं आहे. नवी मुंबई महापालिकेनं २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना टायफॉइडची संयुग्म (कॉन्जुगेट) लस मोहिमेतून दिली. टँकर आणि बोअरच्या पाण्यावर जगणाऱ्या सोसायट्या आणि वस्त्या पुण्यातही कमी नाहीत. लसीकरणासाठी नगरसेवकाकडे काही मागायचंच असेल तर ते हेच मागावं.

तोवर खिशातून खर्चाचा आमचा क्रम असा. पहिला टायफॉइड संयुग्म लसीचा, एकच डोस, ६ ते ९ महिन्यांत. दुसरा एमएमआरचा, कारण एमआरमध्ये गालगुंडाचा भाग नाही. त्यानंतर फ्लू: पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, मग दरवर्षी एक, पावसाळ्याआधी. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यातच झाला होता. दमा, हृदयविकार किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर फ्लूला दुसऱ्या क्रमांकावर आणा. हिपॅटायटिस ए आणि कांजिण्या पैसे उरले तर.

दोन्हीकडे घेतलं तर काय चुकतं

सर्वांत जास्त गोंधळ पंधराव्या महिन्यात होतो. खासगीत एमएमआर घेतली की ती गोवर-रुबेलाचा दुसरा डोस म्हणून धरता येते. पण कार्डावर नोंद नसली तर आशाताई घरी येऊन 'डोस राहिलाय' म्हणतात, आणि घरचे पुन्हा टोचून आणतात. जास्तीच्या डोसानं अपाय होत नाही, फुकटची टोच मात्र होते. एमएमआर आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी चालते. एकाच दिवशी दिली नाही तर मध्ये २८ दिवस जाऊ द्यावे लागतात.

दुसरी चूक पोलिओची. हेक्साव्हॅलंट घेतलेल्या मुलांचे थेंब बंद करतात. इंजेक्शन पक्षाघातापासून वाचवतं, पण आतड्यातला फैलाव रोखायला थेंबच लागतात; पोलिओ रविवार सर्वांसाठी आहे. रोटाचा ब्रँड मधे बदलला तर एकूण तीन डोस पूर्ण करावेत. सगळं खासगीत घेणाऱ्यांनी जीवनसत्त्व अ साठी तरी सरकारी केंद्रात जावं: ९ महिन्यांना १ मिली, म्हणजे एक लाख एकक, पुढे दर सहा महिन्यांनी २ मिली. आणि जपानी मेंदूज्वराची विचारणा करा. पुण्यात मार्च २०२५ पासून १ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी मोहीम घेतली गेली. त्यानंतर जन्मलेल्या बाळाचा डोस कधी, हे केंद्रातच कळेल.

डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे जायचं. पेंटाव्हॅलंट आणि रोटाचा पहिला डोस सरकारी कार्यक्रमात वर्षाच्या आत सुरू करता येतो, गोवर-रुबेलाची लस पाच वर्षांपर्यंत मिळते. साधी सर्दी, सौम्य जुलाब किंवा दात येणं ही लस पुढे ढकलण्याची कारणं नाहीत. गावी जाणार असाल तर कार्ड सोबत ठेवा आणि यू-विन या सरकारी लस-नोंदणी पोर्टलवर नोंद झाली का ते निघण्यापूर्वी सिस्टरकडून बघून घ्या, म्हणजे पुढचा डोस तिथल्या उपकेंद्रात मिळेल.