राखेच्या विटा: माल चांगला, दुकानदार बेताचा

घणसोली गावठाणातल्या घराच्या माळ्यासाठी फ्लाय अ‍ॅशच्या (कोळशाच्या बारीक राखेच्या) विटा घेतल्या. टेम्पो रिकामा होताच मिस्त्रीने तोंड वाकडं केलं, "दादा, राखेवर घर बांधताय?" आता तो ज्या पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंटवर डोळे मिटून विश्वास ठेवतो, त्यात १५ ते ३५ टक्के राखच असते, औष्णिक वीज केंद्रातली. गोणीवर छापलेलं दाखवलं, तेव्हा गप्प झाला.

विटांच्या कडा सरळ, माप एकसारखं, त्यामुळे प्लास्टर पातळ बसलं. पहिली खेप मात्र नीट पाणी न मारलेली, कोपरे हातात येत होते. ती परत पाठवली. आयएस १२८९४ (राख-चुन्याच्या विटांचं भारतीय मानक) चा चाचणी अहवाल आधी मागा, मगच पैसे द्या.

ओळखीचा एक बिल्डर टॉवरला हाच माल लावतो. स्वतःच्या गावच्या बंगल्याला मात्र लाल वीट!