चमकणारी पावडर: आठवीच्या वर्गात वापरून पाहिली

एकमेकांच्या वस्तू वापरल्याने आजार कसे पसरतात हे दाखवायला, जांभळ्या दिव्याखाली चमकणारी ही पावडर मी कंगव्याला आणि पाण्याच्या बाटलीला बाहेरून लावली, वस्तू वर्गात फिरवल्या. दिवा लावताच बोटांवर, कानामागे, एकाच्या तर ओठांजवळ चमक! वर्ग चिडीचूप.

मग बोलणं सोपं झालं. कंगव्यातून उवा, टॉवेलमधून नायटा, उष्ट्या बाटलीतून सर्दी. रेझरवर मी मुद्दाम थांबले. याच वयात मिसरूड फुटते, घरातला कुणाचाही रेझर उचलला जातो, आणि रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस तग धरतो.

दिवा मंद आहे, खिडक्या झाकाव्या लागल्या. पावडरसोबतच्या माहितीपत्रकात उवांचा संबंध अस्वच्छतेशी जोडलाय, ते साफ चूक. स्वच्छ केसांतही उवा होतात. ते पान मी काढूनच टाकलं.