अंतरांवरून उत्क्रांतीवृक्ष: यूपीजीएमए, नेबर-जॉइनिंग की किमान वर्ग?

चार प्रजातींच्या जोड्यांमध्ये सहा अंतरं (म्हणजे जनुकक्रमांतले मोजलेले फरक) असतात, पण त्यांना जोडणाऱ्या वृक्षाला (मूळ न दाखवता काढला तर) फांद्या पाचच. या अंतरांची सारणी म्हणजे सहा मितींमधला एक बिंदू, असं धरा. वृक्षात तंतोतंत बसणारे बिंदू मग पाच मितींच्या तीन शंकूंवरच सापडतात, एकेका रचनेचा (कोण कोणाच्या जोडीला, याचा) एकेक शंकू. दहा प्रजाती घेतल्या की अंतरं ४५, फांद्या १७ आणि शंकू २०,२७,०२५! प्रत्यक्ष मोजलेली सारणी सहसा यातल्या एकाही शंकूवर पडत नाही. तिला कुठल्या शंकूकडे ढकलायचं, इथेच शीर्षकातल्या तीन पद्धतींचं आपसात जमत नाही.

एक उदाहरण हाताने सोडवू. खरी जोडी क-ख आणि ग-घ. क आणि ग यांच्या फांद्या १ लांबीच्या, ख आणि घ यांच्या ४, मधली फांदी १. अंतरं अशी येतात: कख ५, गघ ५, कग ३, खघ ९, कघ ६, खग ६.

यूपीजीएमए (१९५८) सर्वांत लहान अंतर उचलते, म्हणजे क-ग. चुकलं. सगळी टोकं मुळापासून सारख्याच अंतरावर आहेत, म्हणजे आण्विक घड्याळ (जनुकांतले बदल साचण्याचा वेग) सगळीकडे सारखं चालतं, असं ती गृहीत धरते. इथे तसं नाही. भूमितीच्या भाषेत ती समान-अंतरी वृक्षांच्या एका शंकूवर लंब टाकते, पण तो शंकू सर्वांत जवळचा असेलच असं नाही. घड्याळाबद्दल खात्री नसेल तर हिच्या वाटेला जाऊ नका.

साइटोउ आणि नेई यांची नेबर-जॉइनिंग (१९८७) चार प्रजाती असताना जोडीच्या अंतराच्या दुपटीतून त्या दोघींची बाकी सगळ्यांपासूनची एकूण अंतरं वजा करते आणि सर्वांत लहान संख्या निवडते. क-ग: ६ − १४ − १४ = −२२. क-ख: १० − १४ − २० = −२४. लांब फांदीला सूट मिळाली आणि बरोबर जोडी सापडली. हिची हमीही सिद्ध झालेली आहे: प्रत्येक अंतरातली चूक सर्वांत आखूड आतल्या फांदीच्या निम्म्याहून कमी असेल, तर रचना बरोबरच येते. वेगही चांगला. त्यामुळे माझी पहिली पसंती हिलाच.

किमान वर्ग पद्धत (मोजलेल्या आणि वृक्षातल्या अंतरांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज किमान करणारी) सरळ विचारते, बिंदूला सर्वांत जवळचा शंकू कोणता? प्रश्न प्रामाणिक आहे, पण उत्तर महाग: समस्या एनपी-हार्ड आहे (झटपट अचूक सोडवण्याची रीत माहीत नाही), त्यामुळे प्रजाती वाढल्या की सगळे वृक्ष तपासणं अशक्य होतं. बाकी दोघी तिच्याच उत्तराच्या स्वस्त आवृत्त्या म्हणून वापरल्या जातात खऱ्या, पण जिथे शंकू एकमेकांना भेटतात, म्हणजे आतली फांदी जवळपास शून्य असते, तिथे त्यांचे प्रदेश (ज्या बिंदूंना त्या एकच रचना देतात ते) किमान वर्गाच्या प्रदेशांशी नीट जुळतातच असं नाही. अशा ठिकाणी मी दोन पद्धती चालवून पाहतो; उत्तरं वेगळी आली तर ती फांदी चित्रात उघडीच, म्हणजे जोडी न ठरवता, ठेवतो.

आता लांब अंतरं कमी मोजली गेली असं समजा. एकाच जागी पुन्हापुन्हा बदल झाले की हे हमखास होतं. खघ ९ ऐवजी ६.५ आलं, तर जोड्यांच्या बेरजा होतात कख+गघ १०, कग+खघ ९.५, कघ+खग १२. चार प्रजातींत नेबर-जॉइनिंगची निवड म्हणजे सर्वांत लहान बेरीज, म्हणून ती क-ग जोडते. किमान वर्गही तेच करते, पण फांद्या ऋण होऊ द्यायच्या नाहीत असं बजावलं तरच. मुभा दिली, तर क-घ हा तिसराच वृक्ष जिंकतो, कारण वृक्षात तंतोतंत बसायला उरलेल्या दोन बेरजा समान हव्यात आणि इथे त्यांच्यात फरक फक्त ०.५ चा, मधल्या फांदीची लांबी मात्र येते −१.१२५. तेव्हा प्रोग्राममधला तो पर्याय आधी तपासा, आणि अंतरं दुरुस्त करणारं प्रतिमान त्याच्याही आधी.