न दाखवून घाबरवणारी दोन मिनिटे : ‘एलियन’च्या १९७९ सालच्या ट्रेलरचे परीक्षण

रिडली स्कॉट यांनी दिग्दर्शित केलेला ‘एलियन’ हा विज्ञानभयपट २५ मे १९७९ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. चित्रपटाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते त्याच्या सुमारे दोन मिनिटांच्या ट्रेलरविषयी. हा ट्रेलर मी अनेकदा पाहिला आहे आणि गेल्या आठवड्यात रात्री दिवे मालवून, कानांना हेडफोन लावून पुन्हा पाहिला. पुढे काय येणार हे पाठ असूनही शेवटच्या अर्ध्या मिनिटात माझा हात आपोआप आवाज कमी करण्याच्या बटणाकडे गेला. त्याचा माझ्यावर एवढा परिणाम का होतो, हे शोधण्यासाठी मी तो तुकड्यातुकड्याने, थांबवून थांबवून पाहिला.

या ट्रेलरमध्ये कथा सांगणारा निवेदक नाही आणि पात्रांच्या तोंडी एकही संवाद नाही. सुरुवातीला फक्त काळोख आहे. कॅमेरा एका ओसाड, खडबडीत पृष्ठभागावरून इतक्या संथपणे सरकतो की आपण एखाद्या ग्रहावरून जात आहोत की एखाद्या वस्तूच्या अगदी जवळून, हेच कळत नाही. पडद्याच्या वरच्या भागात एक बारीक उभी रेघ उमटते, मग तिच्यापासून दूर दुसरी, मग एक तिरकी. या रेघा अक्षरांचे तुकडे आहेत हे लक्षात यायला वेळ लागतो, आणि लक्षात आले की डोळा स्वतःहून शब्द जुळवू लागतो. प्रेक्षकाला कामाला लावण्याची ही युक्ती मला फार मोलाची वाटते, कारण ज्या क्षणी आपण अक्षरे जुळवू लागतो त्या क्षणी आपले लक्ष पडद्याला बांधले जाते आणि ते सोडवून घेणे आपल्या हातात राहत नाही. नाव पूर्ण होते तेव्हा ते आपल्याला कुणी सांगितलेले नसते. आपणच ते वाचून काढलेले असते.

मग ते अंडे दिसते. चित्रपटातील अंडी चामड्यासारख्या सालीची आणि वरून पाकळ्यांप्रमाणे उघडणारी आहेत, पण जाहिरातीतील अंडे थेट कोंबडीच्या अंड्याची आठवण करून देणारे आहे. हा फरक चूक म्हणून सोडून देण्यासारखा नाही. परग्रहावरचा विचित्र आकार पाहून प्रेक्षकाला कुतूहल वाटले असते, परंतु जी वस्तू आपल्या स्वयंपाकघरात रोज फुटते तीच अंतराळाच्या अंधारात एकटी ठेवलेली पाहिली की मनात वेगळीच शंका जागी होते. अंड्यातून काहीतरी बाहेर येणार, हे लहान मुलालाही समजते. त्यासाठी एका शब्दाचीही गरज नाही. अंड्याला तडा जातो, फटीतून प्रकाश सांडतो, आणि आत काय आहे ते दिसण्याच्या आधीच दृश्य बदलते. संपूर्ण ट्रेलर या एका न दिलेल्या उत्तरावर उभा आहे.

येथून पुढे संकलनाचा वेग एकदम वाढतो. लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या बोळातून धावणारी चित्रपटाची नायिका सिगोर्नी वीव्हर, घाबरलेले चेहरे, यंत्रांच्या अरुंद फटी अशी दृश्ये भराभर येतात. प्रत्येक तुकडा इतका लहान आहे की माणूस कशापासून पळतो आहे हे शोधण्यासाठी नजर चौकटीच्या कोपऱ्यात पोहोचते न पोहोचते तोच तो संपलेला असतो. राक्षस पूर्ण रूपात कुठेही दिसत नाही. एच. आर. गिगर या स्विस चित्रकाराने रेखाटलेला तो जीव हेच चित्रपटाचे सर्वांत मोठे आकर्षण होते, आणि पुढे दृश्यपरिणामांसाठीच्या ऑस्करमध्ये गिगरचाही वाटा होता. एवढे भांडवल हाताशी असताना ते झाकून ठेवणे हा निर्णय धाडसाचा होता. त्या वेळी वीव्हर हे नावही फारसे कुणाला ठाऊक नव्हते, म्हणजे ओळखीच्या ताऱ्याचा आधारही नव्हता. तिकीट विकायला उरली होती ती केवळ भीती.

ट्रेलरचा खरा कणा त्याचा ध्वनी आहे, आणि फोनच्या छोट्या स्पीकरवर पाहणाऱ्याला तो निम्माच मिळतो असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्वार्धात खोल, दबलेले, दूरवरून आल्यासारखे आवाज आहेत. उत्तरार्धात एक कर्कश आवाज सुरू होतो, तो पुन्हा पुन्हा उसळतो आणि थांबत नाही. तो धोक्याचा भोंगा आहे, एखाद्या प्राण्याचा आक्रोश आहे की माणसाची किंकाळी, हे ठरवता येत नाही. आणि न ठरवता येणे हेच त्याचे बळ आहे. भोंगा म्हणून ओळख पटली असती तर कानाने त्याला एका बाजूला ठेवले असते. संगीत असते तर पुढचा सूर कुठे जाईल याचा अंदाज आला असता. या आवाजात आर्त किंकाळीतला खरखरीतपणा आहे आणि यंत्राचा निर्दयपणाही आहे, त्यामुळे अंगावर काटा येतो तो विचार करण्याच्या आधी.

शेवटी सगळे एकाएकी शांत होते आणि एक ओळ येते : अंतराळात तुमची किंकाळी कुणालाही ऐकू येत नाही. ही ओळ बार्बरा गिप्स यांची. त्यांचे पती फिलिप गिप्स यांनी अंड्याचे प्रसिद्ध पोस्टर केले. जाहिरातीच्या ओळी बहुधा वाढवून सांगतात, परंतु ही ओळ शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातील सत्य आहे, कारण ध्वनीला प्रवासासाठी माध्यम लागते आणि निर्वात पोकळीत ते नसते. मघापासून आपण जो आक्रोश ऐकत होतो तो तिथे असलेल्या कुणालाही ऐकू गेला नसता, हे उमजते तेव्हा पोटात गोळा येतो. विज्ञानकथा आणि भयकथा यांची सांगड याहून कमी शब्दांत घातलेली मी पाहिलेली नाही. ‘एलियन’च्याच स्टुडिओच्या ‘स्टार वॉर्स’ने दोनच वर्षांपूर्वी, १९७७ मध्ये, अंतराळ म्हणजे साहस आणि मौज असे चित्र लोकांच्या मनात ठसवले होते, हा प्रवास तसा नाही, हे सांगण्याचे कामही याच एका ओळीने केले.

एक दोष मात्र नोंदवायला हवा. उत्तरार्धाचा झपाटा पाहून जो प्रेक्षक पळापळीची अपेक्षा घेऊन चित्रपटाला बसेल त्याला पहिला तासभर जड जाईल, कारण मूळ चित्रपट अतिशय संथपणे, माणसांच्या कंटाळ्यातून आणि कुरबुरींतून पुढे सरकतो. ट्रेलरने भीतीचे वचन पाळले आहे. वेगाचे वचन त्याने द्यायला नको होते.

या ट्रेलरचा वारसा पुढे कुणी चालवला, हे पाहणेही उद्बोधक आहे. २०१२ च्या ‘प्रोमिथियस’च्या ट्रेलरमध्ये स्कॉट यांच्या या नव्या चित्रपटाचे नाव तसेच रेघारेघांनी उमटते आणि तोच उसळता आक्रोश पुन्हा ऐकू येतो. जुन्या चाहत्यांना त्या आवाजाने एका क्षणात ओळख पटवून दिली, आणि आकर्षण म्हणून ती युक्ती अचूक होती. तरी दुसऱ्यांदा ऐकलेला भोंगा आठवण जागवतो, धडकी पहिल्याइतकी भरवत नाही. मला अधिक धीट वाटतो तो ‘क्लोव्हरफील्ड’ या राक्षसपटाचा पहिला टीझर, म्हणजे छोटी आगाऊ झलक, जो जुलै २००७ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या आधी दाखवला गेला. घरगुती कॅमेऱ्याने टिपलेली निरोपाची मेजवानी, अचानक बसलेला हादरा, गच्चीवरून दिसणारा स्फोट, आणि मग रस्त्यात येऊन कोसळणारे स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचे मस्तक. त्यात चित्रपटाचे नावच नव्हते. होती ती फक्त प्रदर्शनाची तारीख. मस्तक कुणी उडवले हे न सांगता केवळ ते मस्तक दाखवणे म्हणजे तडा गेलेल्या अंड्याचीच जात आहे, आणि नाव शोधण्यासाठी लोकांनी इंटरनेट पालथे घातले.

अलीकडच्या ट्रेलरांविषयी माझी तक्रार येथेच सुरू होते. ट्रेलरच्या आधी त्याच ट्रेलरमधील सर्वांत धक्कादायक दृश्यांचा पाच-सहा सेकंदांचा चुरा जोडण्याची पद्धत गेल्या दशकात रूढ झाली. जाहिरात ओलांडून पुढे जाण्याचे बटण पाच सेकंदांनी उमटते, म्हणून त्याआधी प्रेक्षकाला पकडायचे, हे व्यवहाराच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. परंतु ताण वाढायला वेळ लागतो. ज्याने किंचाळणारा चेहरा आणि राक्षसाचा जबडा आधीच पाहिला त्याच्यासमोर त्यानंतर कितीही संथपणे दार उघडले तरी दारामागे काय आहे हे त्याला माहीत असते. त्यात प्रत्येक धक्क्याआधी तीच ठरीव शांतता आणि प्रत्येक धक्क्यावर पितळी वाद्यांचा तोच अजस्र हुंकार आला की कान पुढचा ठोका आधीच मोजू लागतो.

१९७९ चा ट्रेलर पाहायचा असेल तर तो रात्री, पूर्ण पडद्यावर आणि हेडफोन लावूनच पाहावा. चित्रपट पाहिला नसेल तर त्यानंतर दुसरी कोणतीही झलक न पाहता सरळ चित्रपटच लावावा. माझ्याकडून या ट्रेलरला पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा कापला आहे तो त्या वेगापायी.