भरती अकॅडमी (धुळ्याजवळची, निवासी बॅच) – ४/५ स्टार, फ्लेक्स नका बघू, उस्ताद (ट्रेनर) बघा

माझा लहान भाऊ इथे फौज आणि पोलीस भरतीच्या तयारीसाठी निवासी बॅचला आहे. मी स्वतः जळगाव एमआयडीसीत पाईपच्या कंपनीत सेफ्टीला आहे त्यामुळे फी किती आणि सिलेक्शन किती एवढं विचारून माझं समाधान होत नाही, माणसं कशी वागवतात ते बघायची सवयच लागलीय. रिव्ह्यू लांब होणार, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचा की जागा चांगली आहे, पोरगं टाका, एक स्टार का कापला ते खाली येईल.

आपल्याकडे भरती अकॅडम्यांचं पेव फुटलंय हे काही नवीन सांगत नाही. चाळीसगाव घ्या पारोळा घ्या शिरपूर घ्या, बसस्टँडच्या बाहेर फ्लेक्स असतोच, गुलाल लावलेली पोरं आणि मधोमध गॉगल घातलेले सर. पाय मोडून घरी गेलेली पोरं काही फ्लेक्सवर येत नाहीत. भाऊ आधी अशाच एका ठिकाणी होता, नाव घेत नाही. तिथे दुखतंय म्हणायची सोयच नव्हती, एकदा त्याने नडगी दुखते सांगितलं तर सगळ्या बॅचसमोर "शेकायला आईला बोलवू का" म्हणून झालं, पोरं हसली, त्यानंतर कोण कशाला बोलेल. मग पेनकिलर खाऊन डांबरी रोडवर पळत राहिला आणि शेवटी जिना चढता येईना. एक्सरेत काही दिसलं नाही, एमआरआय केला तेव्हा स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. ऑर्थो म्हणाले की सुरुवातीला एक्सरे बरेचदा नॉर्मलच येतो, पोराने वेळेवर तोंड उघडलं असतं तर थोड्या आरामावर भागलं असतं. आता त्या पोराने तोंड उघडायचं कुठे भो, तुम्हीच सांगा.

तर इथे. चालवतात ते आर्मीतून रिटायर झालेले सुभेदार साहेब, हाताखाली दोन उस्ताद, एक आपल्या शिंदखेड्याकडचा आहे तो राग आला की मराठी सोडून थेट अहिराणीत येतो. मी पहिल्यांदा भावाला सोडायला गेलो तेव्हा ऑफिसात भिंतीवर चेटवुड नावाच्या इंग्रज सेनापतीचं ते वाक्य हिंदीत रंगवलेलं दिसलं, देहरादूनच्या आयएमएत (आर्मी ऑफिसर घडवणारी अकॅडमी) १९३२ सालापासून जे मानलं जातं ते, की आधी देश, मग तुझ्या हाताखालचे जवान, आणि तुझा स्वतःचा आराम सगळ्यात शेवटी, दरवेळी. भिंतीवरची वाक्यं मी मनावर घेत नाही, आमच्या कंपनीच्या गेटवरही सेफ्टी फर्स्ट दोन माणसं उंचीचं लिहिलंय. म्हणून मुद्दाम रात्री थांबलो आणि पहाटेचं फॉलिन, म्हणजे लाईनीत हजेरी, बघितलं.

पाचच्या आधी अंधारातच पोरं लाईनीत. साहेब पहिलं काय विचारतात तर आज कोणाचा पाय, पोट, डोकं ठीक नाही त्याने डावीकडे व्हा. आर्मीत आजारी जवानांची सकाळी नोंद होते, सिक रिपोर्ट म्हणतात, तसंच, फक्त इथे डावीकडे जाणाऱ्याला कोणी काही बोलत नाही, आणि साहेब स्वतः पहिलं पाऊल डावीकडे टाकतात कारण त्यांचा गुडघा गेलेला आहे, मग म्हणतात "चला, माझ्यासोबत कोण कोण". चारपाच पोरं हलली. उस्तादाकडे शंभरपानी वही, तिच्यात रकाने पाडलेत, नाव, कुठे दुखतं, कधीपासून, झोप झाली का, घरी फोन झाला का. हा शेवटचा रकाना मला लई आवडला. एका पोराला तो उस्ताद विचारतो "काय जयं रे भो, पाय दुखी ऱ्हायना का?", पोरगं म्हणे नाही, दोन दिवस झोपच नाही, घरी कापसाच्या पैशांवरून भांडणं चालू आहेत. त्याला पळायला लावलं नाही, चालायला लावलं आणि नाश्त्यानंतर साहेबांकडे पाठवलं. बस एवढंच, काही समुपदेशन वगैरे मोठे शब्द नाहीत.

आता कोणी म्हणेल की असं लाड करून फौजी तयार होतात का. लाड बिड काही नाही, रगडा इथेही लागतो, उशिरा आला की फ्रंट रोल आहेच आणि सोळाशे मीटरला वेळ चुकली की परत लावतात. अग्निवीरच्या ग्राउंडला, म्हणजे मैदानी चाचणीला, साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर ६० मार्क आहेत आणि १० पुलअपचे ४०, पोलीस भरतीला तेच सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदात मारलं तर २० पैकी २०, तिथे कोण दया दाखवणार आहे. फरक एवढाच की शिक्षा चुकीची मिळते, दुखण्याची मिळत नाही आणि आईबहिणीवरून शिवी नाही. भाऊ म्हणतो तिकडे मी सरांना घाबरून पळायचो, इथे साहेबांना वाईट वाटू नये म्हणून पळतो. त्याची वेळ कमी झालीय, झोप लागते, घरी फोनवर चिडचिड नाही. आई तर म्हणते पोरगं परत बोलायला लागलं.

आमच्या सेफ्टीच्या डिप्लोमाला एका सरांनी इस्रायली सैन्यातला प्रयोग सांगितला होता, डोव्ह ईडन आणि अब्राहम शानी यांचा, १९८२ साली छापून आलेला. १०५ प्रशिक्षणार्थी, १५ आठवड्यांचा कमांडचा कोर्स. इन्स्ट्रक्टर लोकांना सांगितलं की यातले हे हे जण जास्त दमदार आहेत, खरं म्हणजे नावं नुसती चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढलेली. शेवटी परीक्षेत तीच पोरं पुढे, आणि त्यांना आपले इन्स्ट्रक्टरही जास्त चांगले वाटले. म्हणजे उस्तादाच्या मनात काय आहे ते बोलण्यातून, बघण्यातून पोरापर्यंत जातंच. इथे धडगावकडचा एक पावरा आदिवासी पोरगा आहे, मराठी अडखळत बोलतो, दुसरीकडे असता तर टिंगलीचा विषय झाला असता. साहेबांनी त्याला सोळाशेचा पेसर केलाय, म्हणजे वेग तो धरणार आणि बाकीच्यांनी त्याच्या पाठीमागे पळायचं. आता तो मेसमध्ये मोठ्याने हसतो, मी बघितलंय.

उलटं झालं की काय होतं तेही रेकॉर्डवर आहे, १९५६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या पॅरिस आयलंड या मरीन सैनिकांच्या ट्रेनिंग तळावर एका मरीन इन्स्ट्रक्टरने शिस्त लावायची म्हणून रात्री अख्खी प्लाटून रिबन क्रीक नावाच्या खाडीत घातली, सहा रिक्रूट बुडून मेले. त्यानंतर त्यांना इन्स्ट्रक्टरवर देखरेखीचे नियम कडक करावे लागले. पाणी खोल आहे हे मागून सांगायची कोणाची हिंमत झाली असती का माहीत नाही, पण आमच्या कंपनीत मी रोज हेच बघतो. आधीचे प्लांट हेड होते तेव्हा थोडक्यात वाचलेल्या घटनांचं रजिस्टर कोरं असायचं, वरून शाबासकी मिळायची, आणि एक्स्ट्रुडरवरची (पाईप काढायच्या मशीनवरची) पोरं बोट चेमटलं तरी चिंधी गुंडाळून ड्युटी करायची कारण सांगितलं की मेमो. आता नवीन मॅडम आल्यात, त्या शिफ्ट सुरू व्हायच्या आधी शॉपफ्लोअरवर येतात आणि ज्याने चूक सांगितली त्याला आधी थँक्यू म्हणतात, तर रजिस्टर भरायला लागलं आणि हेड ऑफिसवाले विचारतात तुमच्याकडे घटना वाढल्या का? वाढल्या नाहीत हो, दिसायला लागल्या. एमी एडमंडसन नावाच्या बाईंनी १९९६ साली अमेरिकेतल्या हॉस्पिटलच्या वॉर्डांबद्दल हेच छापलंय, जिथे सिस्टर लोकांना बोलायची भीती नाही तिथे चुका जास्त नोंदल्या जातात. म्हणून अकॅडमी बघायला जाल तेव्हा सिक रिपोर्टची वही मागा, कोरी दाखवली तर तिथून निघा.

उन्हाचं पण बघितलं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा इथे दुपारी ग्राउंड बंद, पहाटे आणि संध्याकाळीच. मिठाचं ताक ठेवलेलं असतं, रावेरची केळी लागतील तेवढी. संडासाच्या दारामागे लघवीच्या रंगाचा तक्ता चिकटवलाय, पिवळी गडद दिसली की पाणी प्या, चहाच्या रंगाची दिसली की सरळ डॉक्टर, कारण अति ताणाने स्नायू फुटले की त्यातला माल किडनीवर जातो. पोरं सुरुवातीला हसली तक्त्याला, आता एकमेकांना विचारतात.

मेस ठीक. डाळ पातळ, पण शेवभाजीच्या दिवशी पोरं हलत नाहीत जागेवरून, आणि कळण्याची भाकरी मिळते हे माझ्या मते वेगळा अर्धा स्टार. फी इतरांपेक्षा जरा जास्त, हप्ते करून देतात.

आता स्टार का कापला. एक, हे सगळं साहेबांवर चालतं. साहेब पेन्शनच्या कामाला पुण्याला गेले होते तेव्हा तो दुसरा तरणा उस्ताद, शिंदखेड्याचा नाही, दुसरा, त्याने डावीकडे व्हा विचारलंच नाही आणि ग्रुपवर सगळ्यात मागे राहिलेल्यांची वेळ हसऱ्या इमोजीसकट टाकली. साहेब आल्यावर पोस्ट उडाली, पण पोरांना कळलं ना की वही साहेबांची आहे, अकॅडमीची नाही. उस्ताद लोकांना पण कोणीतरी विचारायला पाहिजे त्यांची झोप झाली का, तो तरणा एकटा पहाटेपासून रात्रीच्या रोलकॉलपर्यंत राबतो, पगार काय असेल ते दिसतंच, चिडणार नाही तर काय.

दोन, मुलींच्या बॅचला लेडी ट्रेनर नाही. पोटात दुखतंय म्हणून मुलगी पुरुष उस्तादासमोर डावीकडे होत नाही, कितीही चांगला असला तरी. एक सिनियर मुलगी हे सांभाळते, ती स्वतः भरतीची तयारी करतेय, तिच्या गळ्यात हे का? पोलीस भरतीचं ८०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक मुलींनाही आहेच.

तीन, लेखी कच्चं आहे. अग्निवीरला २०२३ पासून आधी ऑनलाईन परीक्षा आणि मग ग्राउंड, इथे कॉम्प्युटर मोजकेच, पोरं मोबाईलवर टेस्ट देतात. पोलीस भरतीत ग्राउंड आधी पण ते ५० मार्कांचं आणि लेखी १०० ची, नुसतं पळून होत नाही. गणिताचे सर आठवड्यातून कमी वेळा येतात, पाहिजे तर धुळ्यात वेगळा क्लास लावा.

साहेब वाचत असतील तर, लेडी ट्रेनरचं मनावर घ्या, सैन्यातून नाही तर पोलिसातून रिटायर झालेल्या कोणी मिळतील. आणि मुलींच्या हॉस्टेलच्या बोअरची मोटर दिवाळीपासून बंद आहे, टँकरवर भागवताय, ती आधी काढून दुरुस्त करा.