एकट्याने, बाइकवर, तंबू घेऊन: स्कॉटलंडचा उत्तर किनारा की नॉर्वेचा?

स्कॉटलंडचा 'नॉर्थ कोस्ट ५००' म्हणजे इन्व्हरनेसहून निघून तिथेच परतणारा सुमारे ८३० किलोमीटरचा फेरा. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, हा मोठा दिलासा. रस्ता मात्र बऱ्याच ठिकाणी एकपदरी. उन्हाळ्यात खरा छळ मिजचा: वारा पडला की हे चिमुकले चावरे कीटक तंबूला घेरतात. डोक्यावर घालायची जाळी विसरू नका.

नॉर्वेचा १७ क्रमांकाचा किनारी रस्ता स्टाइनशेर ते बोडो, साधारण ६५० किलोमीटर आणि वाटेत ६ फेरीबोटी. त्यातल्या एका बोटीत बसल्या बसल्या आर्क्टिक वृत्त ओलांडलं जातं! बाइक पट्ट्याने बांधायची आणि डेकवर वारा खात उभं राहायचं. दिवसभर एकट्याने हँडल धरणाऱ्याला ही सक्तीची विश्रांती फार मोलाची वाटते. जूनमध्ये रात्रही काळोखी होत नाही, त्यामुळे तंबूची जागा शोधायची घाई नसते.

मोकळ्यावर मुक्काम दोन्हीकडे कायदेशीर. नॉर्वेत घरापासून १५० मीटर दूर राहायचं. स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्याने दिलेला हक्क गाडीला लागू नाही, म्हणून बाइक रस्त्यालगत ठेवून सामान पाठीवर न्यावं लागतं.

खर्च नॉर्वेत जास्त. तरी एकट्याने जायचं तर मी नॉर्वेच निवडेन, त्या बोटींसाठी.